जबडा कापण्याआधीची मोर्चेबांधणी

फौजेत हल्ल्यापेक्षा तयारीलाच जास्त वेळ जातो. जबड्याच्या शस्त्रक्रियेत हे उमगायला शंभरावर वर्षं लागली.

1849 साली अमेरिकेत सायमन हलिहेन यांनी एका तरुणीचा, भाजल्याच्या व्रणाने ओढून वाढलेला खालचा जबडा कापून बसवला. दातांना तारा नाहीत, थेट करवत. पहिल्या महायुद्धात हॅरोल्ड गिलीज यांनी सिडकपला जवानांचे चेहरे उभे केले, ते पुढच्या भागात सांगेन. 1957 मध्ये ह्युगो ओब्वेगेझर यांची पद्धत जगापुढे आली: तोंडाच्या आतूनच हाड उभं चिरायचं. जबडा हवा तिथे सरकू लागला आणि मग अडले ते दात.

खालचा जबडा पुढे असला की खालचे दात आत कलतात, वरचे बाहेर. शरीराने केलेली ही तडजोड तारांनी आधी मोडावी लागते. बहुधा वर्ष-दीड वर्ष जातं आणि तेवढ्यात चावा आणखीच बिघडलेला दिसतो. इथे मरोद्यात माझी नात म्हणते, "आजोबा, आधीच बरी दिसत होते." भिलाईत रुळ बनतात, तुझ्या तोंडातही बारीक रुळच, असं म्हटलं तर रुसली.

जिभेचा मुद्दा त्याहून जुना. बोस्टनच्या आल्फ्रेड रॉजर्स यांनी 1918 मध्येच चेहऱ्याच्या स्नायूंचे व्यायाम मांडले होते. गिळताना जीभ दातांना रेटत राहिली, तर बसवलेले दात पुन्हा सरकू शकतात. म्हणून नात रोज जीभ टाळूला टेकवून गिळायचा सराव करते. शस्त्रक्रियेची तारीख अजून ठरायची आहे.