पसायदानानंतर

परवा मावशीकडे ज्ञानेश्वरीच्या पारायणाची समाप्ती होती. शेवटचं पान वाचायचं काम माझ्याकडे आलं. पसायदान झालं, सगळ्यांनी हात जोडले आणि मी पोथी मिटणार तोच मावशी म्हणाली, "अरे, संपलं नाही अजून!"

खरंच की. शाळेत इतक्या वेळा म्हटल्यामुळे पसायदान ही एक सुटी प्रार्थना वाटायला लागते. नऊ ओव्या. आठ मागण्याच्या आणि नववी मिळाल्याची. देव 'देतो' म्हणतो आणि ज्ञानदेव सुखी होतात. ती एक ओवी काढून पाहा, नुसती याचना उरते. (शाळेत तिथपर्यंत पोचताना आमचं लक्ष दप्तराकडे असायचं ते सोडा.)

पण एवढ्यावर ग्रंथ थांबत नाही. पुढे चक्क पत्ता येतो! गोदावरीच्या दक्षिणेचं क्षेत्र, म्हणजे आपलं नेवासं. तिथे यादवांचा राजा रामचंद्र न्यायाने राज्य करतोय. मग गुरुपरंपरा, आणि ग्रंथाचं पुण्य सगळ्या प्राण्यांच्या सुखाला लागो असं आणखी एक मागणं. अगदी शेवटी शके 1212, म्हणजे इ.स. 1290, आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव. सगळ्या विश्वासाठी मागून झाल्यावर शेवटचा मान लेखनिकाला! पसायदानापाशी आपण तरंगत असतो. या ओव्या पुन्हा जमिनीवर आणतात. कुणीतरी बोलत होतं, कुणीतरी बसून लिहीत होतं, हे दिसायला लागतं.

आणि तो राजा... सहाच वर्षांनी, 1296 मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. आपल्याला हे ठाऊक असतं, त्या ओवीला नाही. म्हणून ती साधी ओळ वाचताना मला आता गलबलतं.

पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये (इ.स. 1584), एकनाथांनी पैठणला पाठभेद निस्तरून शुद्ध प्रत तयार केली. भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला काम पुरं झालं. त्यांनी शेवटी बजावून ठेवलंय की यात कुणी आपली मराठी ओवी घातली, तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. गंमत म्हणजे हे सांगायला त्यांनाही शेवटी ओव्याच जोडाव्या लागल्या!

तेवढं वाचून मी पान उलटलं. मागच्या कोऱ्या पानावर आजोबांच्या अक्षरात तारखा होत्या, प्रत्येक समाप्तीची एक. शेवटची 1987 ची. त्याखाली मावशीच्या. यंदा तिला अक्षरं नीट दिसत नाहीत म्हणून मला बसवलेलं.

तिने पेन पुढे केलं. करवंटी आठवून मी जरा थबकलो, आणि पेन्सिल मागितली.