पन्नास रुपये आणि पहिल्या पानावरचं नाव

गेल्या जूनमध्ये मला एक ईमेल आला. मी दिवसा एका कंपनीसाठी पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो, रत्नागिरीच्या घरात बसून. रात्री, लाइट असली तर, मोडी कागद वाचणारा एक प्रोग्रॅम घडवत बसतो. त्याचा कोड मी इंटरनेटवर खुला ठेवला होता. तो युरोपातल्या एका विद्यापीठातल्या लोकांनी पाहिला आणि मला सहा महिन्यांसाठी ‘व्हिजिटिंग रिसर्चर’ म्हणून बोलावलं. पत्र मोठं गोड होतं. टेबल मिळेल, ग्रंथालयाचं कार्ड मिळेल, कॉफी मशीन कुठे आहे तेही लिहिलेलं. शेवटून दुसरी ओळ अशी की प्रवास, राहणं, जेवण आणि विमा हा खर्च पाहुण्याने आपला आपण किंवा अन्य ठिकाणाहून उभा करावा.

बाबा आंब्याच्या रिकाम्या पेट्या माळ्यावर चढवत होते. मी पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, “सगळं बरोबर आहे रे. पण पैसे कोण देणार?”

मला राग आला. मग त्या रात्री लाइट गेली आणि आजोबांच्या कपाटातलं धर्मानंद कोसंबी यांचं ‘निवेदन’ मी मोबाइलच्या टॉर्चवर वाचायला घेतलं. कोसंबींची बहुतेक ओळख गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबींचे वडील एवढीच असते. माझीही तेवढीच होती. पुस्तक संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं की या माणसाने आयुष्यभर बाबांच्याच प्रश्नाचं उत्तर शोधलंय. आणि त्याने आणखी एक प्रश्न विचारलाय, जो बाबांना सुचला नव्हता आणि मलाही.

कोसंबींचा जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. शाळा जेमतेम, पदवी एकही नाही. नारळाच्या बागेत काम करणाऱ्या या मुलाने ‘बालबोध’ मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि त्याच्या डोक्यात ते कायमचं बसलं. १८९९ च्या अखेरीस तो घराबाहेर पडला. पुण्यात डॉ. भांडारकरांना भेटला, ग्वाल्हेर करून काशीला पोचला आणि तिथे संस्कृत शिकू लागला. खायचं काय? काशीत अन्नछत्रं होती. विद्यार्थ्याने जाऊन पंगतीत बसावं, जेवावं, परत येऊन पाठ करावा. आजच्या भाषेत ही फेलोशिपच. अट एकच, जातीची. ब्राह्मण असाल तर पान मिळे.

पुढचा मुक्काम सिलोन. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विहारात, सुमंगल महास्थविरांकडे. इथे जात कुणी विचारली नाही, पण अट होतीच: चीवर घ्यायचं. कोसंबींनी दीक्षा घेतली, पाली शिकले, नंतर ब्रह्मदेशात गेले. परदेशी अभ्यासकाला जेवण, झोपायला जागा, ग्रंथ आणि गुरू हे सगळं विहाराने दिलं, आणि विहाराला गावाने. बौद्ध जगात ही व्यवस्था दीड-दोन हजार वर्षं चालत आली होती. चीनहून आलेला ह्यूएनत्संग नालंदेत राहिला तो याच व्यवस्थेवर. त्याचा रोजचा शिधा विहाराकडून यायचा. बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाला पोसणं ही पाश्चात्त्य विद्यापीठांची कल्पना असल्यासारखं आपण बोलतो, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

एक खर्च मात्र या हिशोबात दिसत नाही. कोसंबी निघाले तेव्हा घरी बायको आणि तान्ही मुलगी होती. सहा-सात वर्षं त्या दोघींचं काय चाललं होतं, त्यांना कुणी सांभाळलं, याची फेलोशिप कुणी दिली नव्हती. कोसंबी याबद्दल स्वतःला दोष देतात, पण थोडक्यात. मला तिथे थोडं थांबावंसं वाटलं.

१९०६ मध्ये ते परतले. कलकत्त्याला नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात त्यांना पाली शिकवण्याचं काम मिळालं. पदवी नसलेल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट! आशुतोष मुखर्जी कुलगुरू होते आणि त्यांना हा माणूस हवा होता. तेवढ्यात बडोद्याहून सयाजीराव गायकवाडांचा प्रस्ताव आला: महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहा, तीन वर्षं दरमहा ५० रुपये मिळतील, वर्षाला एक पुस्तक बडोदे सरकारसाठी लिहा. कलकत्त्यात याच्या कितीतरी पट मिळू शकत होते. कोसंबींनी ५० रुपये घेतले.

वेडेपणा वाटेल. पण प्रस्तावातल्या अटी पुन्हा बघा. महाराष्ट्रात राहायचं आणि पुस्तक लिहायचं, हेच तर त्यांना करायचं होतं. आपल्या लोकांना आपल्या भाषेत बुद्ध सांगायचा म्हणूनच ते घराबाहेर पडले होते. दहा ते पाच हजेरी नाही, अमुकच विषय असंही नाही. सयाजीरावांची मदत डॉ. आंबेडकरांना झाली हे सगळ्यांना माहीत आहे. १९१३ मध्ये ते त्यांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि त्यांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. पण ती विद्यार्थ्याला दिलेली मदत होती. कोसंबींचे ५० रुपये वेगळे. ते एका तयार झालेल्या अभ्यासकाला निवांत बसता यावं म्हणून दिलेले होते.

याच काळात हार्वर्डचे जेम्स वूड्स भारतात आले होते. ते स्वतः इथे पाहुणे अभ्यासक. योगसूत्रांवर काम करत होते आणि इथल्या पंडितांकडे बसून शिकत होते. मुंबईत कोसंबींकडे त्यांनी पालीचे धडे घेतले. परत गेल्यावर त्यांनी कोसंबींना बोलावणं पाठवलं आणि १९१० मध्ये कोसंबी बोटीने निघाले. म्हणजे आधी प्राध्यापक विद्यार्थी होऊन इकडे आला आणि मग त्याचा शिक्षक पाहुणा होऊन तिकडे गेला.

हार्वर्डला त्यांची गरज का होती, ते नीट सांगायला हवं, कारण सगळा पेच तिथेच आहे. ‘विसुद्धिमग्ग’ हा बुद्धघोषाचा पाचव्या शतकातला पाली ग्रंथ. बौद्ध साधना आणि तत्त्वज्ञान यांचं ते जवळजवळ संपूर्ण मॅन्युअल. बोस्टनचे हेन्री क्लार्क वॉरन यांनी हस्तलिखितांवरून त्याची रोमन लिपीतली प्रत तयार करायला घेतली होती. वॉरन श्रीमंत घरचे. लहानपणी पाठीच्या कण्याला इजा झाली, ती आयुष्यभर पुरली. संस्कृतचे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याबरोबर त्यांनी १८९१ मध्ये ‘हार्वर्ड ओरिएंटल सिरीज’ सुरू केली आणि १८९९ मध्ये वारले. मालिकेसाठी पैसा मागे ठेवला, आणि अर्धवट विसुद्धिमग्गही. आता पैसा होता, हस्तलिखितं होती, छापखाना होता. ग्रंथाची ओळ न् ओळ तपासून पाठ बरोबर की चूक ते ठरवणारा माणूस नव्हता. सिंहली आणि ब्रह्मी लिपी वाचणारा, पाली ज्याच्या तोंडात बसलीय असा.

असा माणूस आला, त्याने काम केलं, आणि छपाईची वेळ येताना प्रश्न निघाला की ग्रंथावर याचं नाव कोणत्या नात्याने घालायचं? संपादक की मदतनीस? लॅनमन आणि कोसंबी यांचं इथे फाटलं. १९१२ मध्ये कोसंबी काम तसंच सोडून परत आले.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रिपॉझिटरी कुणाची आणि कमिट कुणाचे, हा वाद आमच्याकडे रोजचा. माझ्या पहिल्या नोकरीत मी लिहिलेल्या मॉड्यूलवर प्रेझेंटेशन दुसऱ्याने दिलं आणि आभाराच्या स्लाइडवर ‘टीम’ असं एकच नाव होतं. मी गप्प बसलो. पगार वेळेवर येत होता. कोसंबींचाही आला असता. त्यांनी जात विचारणाऱ्या पंगतीत जेवण घेतलं, चीवराची अट मानली, महाराजांची पुस्तकाची अट मानली. या सगळ्या अटी त्यांना चालल्या. नावाची नाही चालली. यात अहंकार अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही. पण मदतनीस लावायचा झाला तर तो कोणत्या देशातला असतो आणि संपादक कोणत्या, हे १९१२ मध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं.

परत येऊन ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले, १९१८ पर्यंत. प्राचार्य होते रँग्लर परांजपे, आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. तेही सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला जाऊन १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झालेले, आणि परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या ७५ रुपयांवर वीस वर्षं काम करण्याचा शब्द पाळणारे. त्या दोघांचं एकमेकांशी काय बोलणं होत असेल याची मला फार उत्सुकता आहे. कोसंबींच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी पु. वि. बापट पुढे हार्वर्डलाच जाऊन डॉक्टर झाले. विषय पुन्हा विसुद्धिमग्गच, विमुत्तिमग्गाशी तुलना करून.

वूड्सनी धागा तुटू दिला नव्हता. १९१८ मध्ये कोसंबी पुन्हा हार्वर्डला गेले. या वेळी मुलं बरोबर होती. दामोदर तिथल्या शाळेत गेला आणि पुढे हार्वर्डचाच पदवीधर झाला. १९२२ ला परत, १९२६ ला पुन्हा, मध्ये १९२९ मध्ये लेनिनग्राड, १९३१ मध्ये परत एकदा हार्वर्ड. एका ग्रंथासाठी चार फेऱ्या, त्याही बोटीने. काम झालं, पण ग्रंथ काही बाहेर येईना. वूड्स १९३५ मध्ये गेले, लॅनमन १९४१ मध्ये, आणि ४ जून १९४७ ला सेवाग्राममध्ये कोसंबी.

हार्वर्डची प्रत १९५० मध्ये निघाली, मालिकेतला ४१ वा खंड. पहिल्या पानावर संपादक म्हणून वॉरन आणि संशोधित आवृत्ती करणारे म्हणून धर्मानंद कोसंबी. लॅनमन यांचं नाव त्या ओळीत नाही.

कोसंबी मात्र तोवर वाट बघत बसले नव्हते. १९४० मध्येच त्यांनी मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून विसुद्धिमग्ग छापून घेतला होता. देवनागरीत, स्वतःच्या नावावर. स्कॅन केलेली प्रत मी डाउनलोड केली. शाई काही पानांवर फिकी आहे, पण झूम केलं की आमच्या गावच्या कुणालाही अक्षरं लागतील अशी ती छपाई आहे.

जुलैत मी त्या लॅबला उत्तर लिहिलं. दोनच प्रश्न विचारले: काही पैशांची सोय होऊ शकेल का, आणि जो पेपर निघेल त्यावर माझं नाव कुठे असेल. पहिल्याचं उत्तर चार दिवसांत आलं, एका छोट्या निधीचा फॉर्म जोडून. बाबांनी रकमेचे रुपये करून पाहिले आणि बरं म्हणाले. दुसऱ्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. मी पुन्हा विचारलंय. फॉर्म अजून भरलेला नाही.