दुकान पाहावे मांडून

इतिहास म्हटला की आपल्याला गड आठवतात. आमच्या गारगोटीचा तर तालुकाच भुदरगड, त्यामुळे इथला माणूस इतिहास सांगू लागला की बुरुजाखाली उतरत नाही. मला मात्र बँकेच्या टेबलावर दुसराच इतिहास भेटतो. कर्जाच्या अर्जात ‘धंद्याचा प्रकार’ असा एक रकाना असतो. तिथे कुणी लिहितो किराणा, कुणी भुसार, कुणी पानपट्टी आणि कुणी नुसतंच ‘खोकं’. साहेब या सगळ्यांना ‘किरकोळ व्यापार’ म्हणून एकाच दावणीला बांधतात. साहेबांना व्याज कळतं, शब्द कळत नाहीत!

आता ‘दुकान’च घ्या. तुळशीवृंदावनाइतका घरचा वाटणारा हा शब्द मूळचा अरबी. फारसीचं बोट धरून आपल्याकडे आला. त्याचा एक जुना अर्थ बसायचा ओटा. म्हणजे शेठजींनी बसायचं आणि गिऱ्हाइकानं उभं राहायचं, ही सोय शब्दातच झालेली! किराणा मात्र संस्कृतातल्या ‘क्रय’च्या कुळातला, आणि वाणी हा ‘वणिज’चा वंशज. घाट उतरून गोव्यात गेलात तर कोकणीत दुकानाला म्हणतात ‘पसरो’. माल पसरला की झालं दुकान. ओट्याची भानगड नाही. इकडे निपाणी ओलांडून बेळगावकडे निघालात की पाट्यांवर कानडी ‘अंगडी’ दिसू लागते.

काही शब्दांची मात्र पार दैना झाली. एके काळी वखार म्हणजे केवढा दरारा! वेंगुर्ल्याला डचांची वखार, राजापूरला इंग्रजांची. ती शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली. आज वखार म्हटलं की डोळ्यांपुढे लाकडांचे ढीग येतात.

हे आपल्याकडेच चालतं असं समजू नका. स्पॅनिश भाषा वीसेक देशांची, पण कोपऱ्यावरच्या वाण्याला जो तो आपलं नाव देतो. मेक्सिकोत ‘आबारोतेस’, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ‘कोल्मादो’. खुद्द स्पेनमध्ये ‘उल्त्रामारिनोस’, म्हणजे साता समुद्रापलीकडचा माल. अर्जेंटिनात ‘आल्मासेन’. हा शेवटचा आपला दूरचा पाहुणा निघाला. स्पेनमध्ये अरबांनी काही शतकं राज्य केलं, तेव्हाचा हा कोठारवाचक शब्द. आणि ज्या अरबी धातूपासून तो झाला, त्यापासूनच आपला ‘खजिना’ झाला. म्हणजे ब्युनोस आयरिसची बाई अर्धा किलो साखर आणायला खजिन्यात जाते! आमच्याकडे खजिन्यात जायचं तर दोन किल्ल्या आणि दोन सह्या लागतात.

पण माझा सगळ्यात लाडका शब्द ‘हॉटेल’. साहेबाच्या हॉटेलात लोक राहायला जातात. आमच्या हॉटेलात एक बाकडं, भज्यांची परात आणि चहा. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं दुकान असंच एक हॉटेल होतं. कोल्हापुरातले गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला. अस्पृश्य असून पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली, आणि ‘सत्यसुधारक हॉटेल’ उभं राहिलं. ओट्यावर बसायचं कुणी आणि उभं राहायचं कुणी हे जिथे जन्माआधी ठरलेलं, तिथे हा माणूस गल्ल्यावर बसला! सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, हे सांगायला नकोच. मग महाराजांची गाडीच हॉटेलापुढे थांबू लागली. महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींपुढेही कप सरकवायचे. मंडळी मोठी सोवळ्यातली. पण समोर साक्षात छत्रपती, त्यांचा तो धिप्पाड देह आणि हातात वाफाळता कप. ‘आज माझा उपास आहे’ म्हणायची कुणाची टाप!