गावाशेजारी गृहप्रकल्प येतोय? मावळकरांनी हरकत कुठे आणि कशी घ्यायची

वडगाव मावळ : डोंगराच्या पायथ्याला पत्र्याचं कुंपण पडतं, जेसीबी येतो आणि आठवडाभरात 'सेकंड होम'चा फलक लागतो. मग गावात चर्चा सुरू होते. यांना पाणी कुठून देणार? सांडपाणी कुठे सोडणार? ओढा का बुजवला? पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, कुठेही गेलात तरी प्रश्न हेच. तक्रारी खऱ्या असतात; पण बऱ्याचदा त्या चुकीच्या टेबलावर जातात, नाहीतर उशिरा जातात.

परवानगी कोण देतं?

लोणावळा आणि तळेगाव दाभाडे इथे नगरपरिषद, वडगावला नगरपंचायत. बाकी बहुतेक गावांत बांधकाम परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणजे पीएमआरडीए देते. ही संस्था २०१५ ला झाली. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे मोठ्या प्रकल्पाची परवानगी नव्हे. त्यामुळे सगळा राग सरपंचांवर काढून उपयोग नाही. ग्रामसभेचा ठराव मात्र जरूर करावा, आणि तो पीएमआरडीएला पाठवून पोच घ्यावी.

पहिला कागद झोन दाखल्याचा. गट नंबर देऊन तो मागता येतो. पीएमआरडीएने २ ऑगस्ट २०२१ ला प्रारूप विकास आराखडा जाहीर केला होता. त्यावर ६७ हजारांच्या आसपास हरकती आल्या, पुढे २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द झाला. म्हणून १९९७ च्या प्रादेशिक योजनेत त्या गटाला काय दाखवलंय ते बघावं लागतं. एजंट २०२१ चा रंगीत नकाशा दाखवून 'इथं रहिवासी झोन आलाय' म्हणत असेल, तर त्याच्याकडे लेखी दाखला मागा.

जनसुनावणी होईल म्हणून थांबू नका

इथेच बहुतेक गावं फसतात. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. पण कारखाना किंवा खाणीला जशी जनसुनावणी असते, तशी गृहप्रकल्पाला नसते. दवंडी नाही, मंडप नाही. अर्ज 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर दाखल होतो, राज्याच्या समितीपुढे जातो आणि मंजूरही होतो. गावातल्या एखाद्या पोराने दर पंधरवड्याला ते संकेतस्थळ उघडून तालुक्याचं नाव शोधलं तर वेळेत कळेल. हरकतीचं पत्र समितीच्या बैठकीआधी पोचलं पाहिजे.

मंजुरी मिळून गेली असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करता येतं. मुदत ३० दिवसांची. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यापुढे नाही. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, दिल्लीला जावं लागत नाही.

मंजुरीशिवाय काम सुरू केलं तर काय होतं, हे शेजारच्या मुळशीने पाहिलंय. लवासाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये नोटीस दिली. वर्षभर काम थांबलं आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. तिथल्याच बंगल्यांवर जुलै २०२४ च्या पावसात दरड कोसळली.

हरकतीत काय लिहावं?

'गावाचं सौंदर्य नष्ट होईल' एवढंच लिहिलेली हरकत फाईलला लागते आणि तिथेच राहते. मोजता येईल असं लिहा. उतार १:५ पेक्षा जास्त असेल तर तिथे बांधकामाला परवानगी नाही, म्हणून गट नंबर आणि उतार टाका. ओढा बुजवला असेल तर त्याचा पावसाळ्यातला फोटो आणि गाव नकाशावरची जागा जोडा. जागा नदीकाठी असेल तर जलसंपदा विभागाची निळी पूररेषा पाहा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा असते. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये घरं बांधता येत नाहीत. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी आपली इंद्रायणी खाली चिखलीला जाते. तिथे निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले १७ मे २०२५ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडले. आदेश हरित न्यायाधिकरणाचा होता, सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. नुकसान झालं ते प्लॉट घेणाऱ्यांचं.

पश्चिम घाटाचा मुद्दा वेगळा आहे. संवेदनशील क्षेत्राच्या यादीत मावळातलीही गावं आहेत. ३१ जुलै २०२४ ला केंद्राने सहाव्यांदा मसुदा काढला. त्यात महाराष्ट्राचं सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, आणि २० हजार चौरस मीटरच्या वरच्या नव्या बांधकामांना व मोठ्या टाऊनशिपना बंदी सुचवली आहे. अशीच बंदी घालणारे निर्देश केंद्राने १३ नोव्हेंबर २०१३ लाच दिले होते. तुमचं गाव यादीत असेल तर हरकतीत या तारखेचा उल्लेख हवाच. अर्थात याच यादीला गावोगावी विरोधही आहे. आपलं घर वाढवायला अडचण येईल, ही भीती खोटी म्हणता येत नाही. आणि जमीन विकणारा तरी कोण? बहुतेकदा आपलाच भाऊबंद.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मंजूर नकाशा, पाण्याच्या स्रोताचं पत्र आणि सांडपाणी प्रक्रियेचा तपशील, हे तीन कागद नाव घेऊन मागा. 'सगळी माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. पाण्याच्या पत्रात नुसतं 'टँकर' किंवा 'बोअरवेल' असेल तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं किंवा प्लॉट आठपेक्षा जास्त असतील, तर विक्रीआधी महारेरात नोंदणी लागते. ते कागद महारेराच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात.

परवानगीच नसताना काम चालू असेल तर हरकत नाही, थेट तक्रार द्यायची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ च्या कलम ५४ नुसार काम थांबवण्याची आणि कलम ५३ नुसार बांधकाम काढून टाकण्याची नोटीस देता येते. अर्जात ही दोन्ही कलमं लिहा, तारखेसह फोटो जोडा आणि आवक शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा.