गाडगेबाबा विचारायचे, लोक उत्तर द्यायचे



मागच्या शुक्रवारी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीनं पंधरा हजारांचं कर्ज मागितलं. कशाला, म्हणून विचारलं तर तिनं खाली मान घातली. शेजारणीनं हळूच सांगितलं, हिच्या लेकीला फीट येते, देवऋषी म्हणतो बाहेरचं आहे, मोठा विधी करावा लागेल. कुणी म्हणालं, असल्या कामाला गटाचा पैसा द्यायचा नाही. कुणी म्हणालं, तिची लेक, तिचा जीव तुटतो, आपण कोण अडवणार? निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. घरी येताना मला गाडगेबाबा आठवले. म्हणून आज त्यांच्या कीर्तनाविषयी सांगते.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परटाचं. वडील दारूपायी गेले तेव्हा डेबू आठेक वर्षांचा होता. आई त्याला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. मामाच्या घरी त्यानं गुरं राखली, शेतात राबला. शाळा काही मिळाली नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, कारण कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणाला वाचता येत नव्हतं. दारू, कर्ज, देवापुढे कापलेले बकरे आणि न वाचता उठवलेला अंगठा, हे सगळं त्यांनी स्वतःच्या घरात भोगलं होतं.

लग्न झालं, पहिली मुलगी झाली. बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची रीत होती. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. लोक नाराज झाले, नावं ठेवली. कर्ज काढून रीत पाळायची नाही, हे त्यांनी असं आधी स्वतःच्या दारात करून दाखवलं, मग जगाला सांगायला निघाले.

1905 साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. त्यातच खायचं, त्यातच प्यायचं. म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, गटारं उपसायची. रात्री कीर्तन.

आपण कीर्तनं पुष्कळ ऐकतो. महाराज बोलतात, आपण माना डोलावतो आणि पदर सावरत घरी येतो. बाबांच्या कीर्तनात नुसतं बसून चालत नसे. ते वऱ्हाडीत प्रश्न टाकायचे आणि उत्तर लोकांकडून घ्यायचे. देव किती, असं विचारलं की सगळे म्हणायचे, एक. मग बाबा चौकशी करायचे, तुमच्या गावाला खंडोबा आहे का? आहे. मरीआई? आहे. म्हसोबा? तोही आहे. प्रत्येकाला लोक होकार द्यायचे आणि शेवटी बाबा पुन्हा पहिलाच प्रश्न विचारायचे, मग आता किती झाले? तिथं माणसं हसायची आणि गप्प व्हायची.

नैवेद्याचंही तसंच. ताटात कुत्र्यानं तोंड घातलं तर ते कोण हाकलतं, देव की आपण? सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नाव वर येते, हे सगळ्यांना पाठ. बाबा म्हणायचे, लढाईत एवढी मोठी जहाजं समुद्रात बुडाली, पूजा घालून ती वर काढा की!

आता विचार करा, हेच एखाद्या साहेबानं येऊन सांगितलं असतं, की तुम्ही अडाणी, तुमच्या समजुती खोट्या, तर लोक उठून गेले असते. बाबा स्वतःलाच अडाणी म्हणवायचे. उत्तर लोकांच्या तोंडून निघायचं, आणि आपल्या तोंडून निघालेलं उत्तर माणूस सहसा टाकून देत नाही. शिवाय हे सगळं गोपालाच्या गजरातच चालायचं. देव सोडा असं बाबा म्हणत नव्हते. देवाच्या नावावर कर्ज काढू नका, जीव कापू नका, पोरांना शाळेत घाला, एवढं म्हणत होते. गजरही करायचा आणि प्रश्नही विचारायचा, याला काही शिकलेली माणसं गोंधळ म्हणतात. मला तो बाबांचा व्यवहार वाटतो. गावाला धरून राहिल्याशिवाय गाव ऐकत नाही. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, हेही ते सांगत राहिले.

पण बाबांनीच शिकवलंय तर एक प्रश्न त्यांनाही विचारू. मुलांना शिकवायला पैसे कुठून आणायचे, तर ते सांगत, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या. काटकसर म्हटली की पहिली आठवण बायकोच्या लुगड्याची का हो, बाबा? आणि तुम्ही जगाचा संसार करायला निघालात तेव्हा घरचा संसार कुंताबाईंच्या अंगावर पडला. त्यांनी तो ओढला. त्यांच्याविषयी आपण किती कमी बोलतो!

बाबांचं अगदी शेवटचं कीर्तन नोव्हेंबर 1956 मध्ये मुंबईत वांद्र्याला झालं. ते ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं आहे. आपलाही आवाज रेडिओतूनच जातो, म्हणून मला त्याचं जास्त अप्रूप. 20 डिसेंबर 1956 ला बाबा गेले.

प्रश्न विचारायची ही रीत त्यांच्याबरोबर संपली नाही. 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू झाली. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगाव व्याख्यानं द्यायचे आणि बुवांचे चमत्कार स्वतः करून दाखवायचे. लिंबातून रक्त काढायचं तर चाकूच्या पात्याला आधी जास्वंदीचं फूल चोळायचं. लिंबाचा आंबट रस लागला की ते लालभडक होतं. हळदीला चुना लागला की लाल होते, हे आपल्याला घरात ठाऊक असतं. तरी लिंबू लाल झालं की आपण घाबरतो.

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घालून मारलं. ज्या कायद्यासाठी ते कित्येक वर्षं झटले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. वारी, भजन, कीर्तन यांना त्यात बंदी नाही. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं, हा गुन्हा आहे.

आता आमच्या गटाचं सांगते. काल मी त्या बाईच्या घरी गेले. कर्ज घेऊ नको, असं काही म्हटलं नाही. आतापर्यंत काय काय केलंस, एवढंच विचारलं. ती बोटं मोजू लागली. दोन बकरे, कोंबडे, लिंबं, दोनदा गाडीभाडं, देवऋषीचं लुगडं-धोतर. मी विचारलं, मग फीट थांबली का? ती म्हणाली, चार महिने आली नव्हती. पुढे काही विचारावं तोवर तीच म्हणाली, पण मधे तसंही कधी कधी चार महिने येत नाही.

मग ती बराच वेळ चुलीकडे बघत बसली. फीट हा मेंदूचा आजार आहे, गोळ्या नियमित घेतल्या तर बहुतेकांची आटोक्यात राहते, हे मी तिला तेव्हा सांगितलं, आधी नाही. अर्ज तिनं अजून मागे घेतलेला नाही. मात्र बुधवारी लेकीला घेऊन सरकारी दवाखान्यात जायचं ठरलंय, सोबत मी जाणार आहे. बैठक शुक्रवारी आहे.