प्रगत स्क्वेअर नृत्य

प्रगत स्क्वेअर नृत्य (ॲडव्हान्स्ड स्क्वेअर डान्स) हा अमेरिकेत विकसित झालेल्या आधुनिक पाश्चात्त्य स्क्वेअर नृत्याचा एक स्तर आहे. या नृत्यप्रकारात चार जोड्या, म्हणजे आठ नर्तक, चौरसाच्या चार बाजूंवर उभे राहतात आणि कॉलर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीने संगीताच्या तालावर उच्चारलेल्या आज्ञांनुसार हालचाली करतात. आज्ञांचा क्रम आधी जाहीर केलेला नसतो. त्यामुळे प्रत्येक आज्ञा ऐकणे, तिचा अर्थ लावणे आणि ती पार पाडणे ही कामे काही क्षणांतच करावी लागतात. प्रगत स्तरावर पाठांतरापेक्षा आज्ञेच्या व्याख्येच्या आकलनाला अधिक महत्त्व असते.

इतिहास

स्क्वेअर नृत्याची मुळे इंग्लंडमधील ग्रामीण नृत्ये तसेच फ्रान्समधील कोतियों आणि क्वाड्रिल या नृत्यांमध्ये आढळतात. जॉन प्लेफर्ड यांनी १६५१ मध्ये इंग्लिश ग्रामीण नृत्यांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. युरोपीय स्थलांतरितांबरोबर ही नृत्ये अमेरिकेत पोहोचली. तेथे नृत्य चालू असताना मोठ्याने आज्ञा देण्याची पद्धत रूढ झाली. तिच्या जडणघडणीत आफ्रिकी-अमेरिकन वादकांचा मोठा वाटा होता.

विसाव्या शतकात कोलोरॅडो राज्यातील शिक्षक लॉइड शॉ यांनी या नृत्याचे पुनरुज्जीवन केले. त्यांचे 'काऊबॉय डान्सेस' हे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिवर्धक आणि ध्वनिमुद्रिकांमुळे एकच कॉलर मोठ्या सभागृहातील अनेक चौरसांना आज्ञा देऊ लागला. याच काळात नव्या आज्ञांची संख्या झपाट्याने वाढली आणि गावोगावच्या मंडळांमध्ये एकवाक्यता राहिली नाही. ही अडचण दूर करण्यासाठी कॉलरांची 'कॉलरलॅब' ही संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अधिवेशन १९७४ मध्ये भरले. आज्ञांच्या अधिकृत याद्या व व्याख्या ही संघटना ठरवते.

स्तर

आज्ञांची विभागणी बेसिक, मेनस्ट्रीम, प्लस, ॲडव्हान्स्ड आणि चॅलेंज अशा चढत्या स्तरांत केली जाते. ॲडव्हान्स्डचे ए-१ आणि ए-२ असे दोन भाग आहेत. प्रत्येक स्तरात त्याखालील सर्व स्तरांच्या आज्ञा गृहीत धरलेल्या असतात. त्यामुळे ए-२ मध्ये नाचणाऱ्यास बेसिकपासूनची प्रत्येक आज्ञा अवगत असावी लागते.

रचना आणि स्थाने

कॉलरकडे पाठ करून उभी असलेली जोडी पहिली मानली जाते. तिच्या उजवीकडून पुढे अनुक्रमे दुसरी, तिसरी व चौथी जोडी मोजतात. पहिल्या व तिसऱ्या जोडीस 'हेड्स', तर दुसऱ्या व चौथ्या जोडीस 'साइड्स' म्हणतात. नृत्य सुरू झाल्यावर मूळ चौरसातून रांग, स्तंभ, हिरा इत्यादी रचना तयार होतात. शेजारचे नर्तक एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून हात धरतात, त्या रचनेस 'ओशन वेव्ह' म्हणजे लाट असे नाव आहे. डाव्या टोकाच्या नर्तकाचा उजवा हात शेजाऱ्याच्या हातात असेल तर ती उजव्या हाताची लाट होय. ए-२ मध्ये 'अवरग्लास', म्हणजे वाळूच्या घड्याळासारखी रचनाही येते.

प्रगत स्तरावर जोडीतील डाव्या बाजूच्या नर्तकास 'बो' आणि उजव्या बाजूच्या नर्तकास 'बेल' म्हणतात. ही नावे स्त्री-पुरुष भेदावर नव्हे, तर त्या क्षणीच्या स्थानावर अवलंबून असतात. एकच व्यक्ती एका आज्ञेपूर्वी बो, तर तिच्यानंतर बेल असू शकते.

आज्ञांचे आकलन

बहुतेक प्रगत आज्ञा लहान हालचालींच्या जोडणीतून तयार होतात. पुढील उदाहरणांवरून त्यांचे स्वरूप स्पष्ट होते.

• पास द सी: समोरासमोरच्या दोन जोड्या एकमेकींना ओलांडतात, प्रत्येक नर्तक आपल्या जोडीदाराकडे पाव वळण घेतो आणि पुढे सरकून डाव्या हाताची लाट तयार होते. खालच्या स्तरावरील 'पास द ओशन' या आज्ञेत शेवटी उजव्या हाताची लाट होते. पास द ओशनमध्ये बेल, तर पास द सीमध्ये बो मध्यभागी येतात.

• क्वार्टर थ्रू: ज्यांना शक्य आहे ते उजव्या हाताने पाव फेरी घेतात, नंतर ज्यांना शक्य आहे ते डाव्या हाताने अर्धी फेरी घेतात. उजव्या हाताच्या दोन समांतर लाटांपासून सुरुवात केल्यास पाव फेरीनंतर लाटा काटकोनात फिरलेल्या असतात. डावा हात देण्याचा नवा सहकारी त्यामुळे दुसऱ्या लाटेतला असतो. जुन्या शेजाऱ्याचा शोध घेणारा नर्तक येथे हमखास चुकतो.

• मिक्स: रांगेच्या मध्यातील दोघे एकमेकांच्या पलीकडील टोकाकडे धाव घेतात, टोकाचे नर्तक मध्यात सरकतात आणि हे नवे मध्यवर्ती नर्तक परस्परांची जागा घेतात.

• स्लिप, स्लाइड, स्विंग आणि स्लिदर: लाटेत दिल्या जाणाऱ्या या चार आज्ञांची नावे सारखी वाटतात, पण कृती भिन्न आहेत. स्लिपमध्ये मध्यातील दोघे हात धरून अर्धी फेरी घेतात, तर स्विंगमध्ये टोकाचा नर्तक व त्याचा शेजारी तशीच फेरी घेतात. स्लिदर व स्लाइड या आज्ञांत अनुक्रमे त्याच नर्तकांनी तोंडाची दिशा न बदलता आडवे सरकून जागा बदलायची असते.

याशिवाय 'ॲज कपल्स' ही संकल्पना आहे. तीत एकाच दिशेला तोंड करून शेजारी उभे असलेले दोन नर्तक एक घटक मानले जातात आणि एकट्यासाठी असलेली आज्ञा जोडीने पार पाडतात. आज्ञेचा अर्धा किंवा पाव भागच करण्यास सांगितले जात असल्याने तिचे टप्पे वेगळे ओळखता येणे आवश्यक असते.

सादरीकरण

नृत्याचा वेग साधारणतः मिनिटाला १२० ते १२८ ठोके असतो आणि प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पडते. सलग नाचल्या जाणाऱ्या एका फेरीस 'टिप' म्हणतात. तिच्या पहिल्या भागात कॉलर लयबद्ध बोलीत आज्ञा देतो, तर दुसऱ्या भागात त्या गाण्यात गुंफतो. गाण्याच्या भागात सामान्यतः ६४ ठोक्यांची सात आवर्तने असतात.

एका नर्तकाची चूक उरलेल्या सातही जणांना अडवते. चौरस विस्कटल्यास नर्तक समोरासमोरच्या दोन रांगा करून थांबतात आणि योग्य क्षणी पुन्हा नृत्यात सामील होतात. चुकलेल्या नर्तकास ओढण्याऐवजी स्वतःच्या अचूक जागी उभे राहणे अधिक उपयुक्त मानले जाते, कारण तेवढ्याने रिकामी जागा त्याच्या लक्षात येते. आज्ञांचे क्रम रचण्यासाठी व तपासण्यासाठी काही कॉलर संगणक प्रणालींचाही उपयोग करतात.

प्रसार आणि अडचणी

अमेरिकेबाहेर कॅनडा, जपान, जर्मनी, स्वीडन आदी देशांत या नृत्याची मंडळे आहेत. सर्वत्र आज्ञा इंग्रजीतच दिल्या जात असल्याने भिन्न भाषांचे नर्तक एकाच चौरसात नाचू शकतात. मात्र प्रगत स्तरापर्यंत पोहोचण्यास दीर्घ शिक्षण लागते आणि चौरस पूर्ण होण्यास आठ समान स्तराचे नर्तक हवे असतात. अमेरिकेतील मंडळांची सदस्यसंख्या घटत असताना ही अट अधिक जाचक ठरली आहे. नवोदितांचा शिक्षणकाळ कमी करण्यासाठी मर्यादित आज्ञांचे सोपे कार्यक्रमही आखण्यात आले आहेत.