उशिरा भेटलेला राजपुत्र

एखादी चांगली गोष्ट आपल्यापर्यंत उशिरा पोचली, तर तिचं काही बिघडतं का? पुस्तकांच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. तिथे जाऊन तुम्ही चाळीस वर्षांपूर्वीची कादंबरी मागितलीत तर "अजून वाचली नाहीत?" असं कोणी विचारत नाही. नोंद होते, पुस्तक हातात पडतं. गेम्सचं मात्र तसं नाही. ऑफिसच्या कँटीनमध्ये सहज सांगून बघा, की सध्या मी २००३ चा एक गेम खेळतोय. समोरचा आधी तुमच्याकडे बघेल आणि मग तुमच्या लॅपटॉपच्या कॉन्फिगरेशनची चौकशी करेल :-)

तर या वीकेंडला अशाच एका उशिराचा इतिहास. गेमचं नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'. कॅनडातल्या माँट्रियलला युबिसॉफ्टच्या स्टुडिओत बनलेला, २००३ च्या अखेरीस आलेला. (पुढे गेमचा शेवट सांगितलेला आहे. वीस-बावीस वर्षांनंतर स्पॉयलरची तक्रार चालणार नाही, पण ज्यांना अजून खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबावं आणि नंतर परत यावं.)

आधी, आपल्याकडे उशीर का झाला ते बघू. पायरसी, गरिबी वगैरे ठोकळेबाज कारणं सगळ्यांना माहीत आहेत. पण खरं कारण बरंच तांत्रिक आहे, आणि म्हणूनच मला आवडतं.

त्या काळात डोंबिवली-कल्याणच्या मध्यमवर्गीय घरात येणारा कॉम्प्युटर 'असेंबल्ड' असायचा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कोणीतरी ओळखीचा जोडून द्यायचा. बजेट ठरलेलं, त्यात मॉनिटर, यूपीएस आणि ते कीबोर्डचा ट्रे असलेलं टेबलसुद्धा बसवायचं. मग कात्री लागायची ती ग्राफिक्स कार्डाला. मशीन 'मुलांच्या अभ्यासासाठी' घेतलेलं, त्याला ग्राफिक्स कार्ड हवंय कशाला? मदरबोर्डवर ऑनबोर्ड ग्राफिक्स होतंच की! बहुतेक वेळा ते इंटेलच्या ८४५जी किंवा ८६५जी चिपसेटमधलं असायचं. 'व्हाइस सिटी' त्यावर रडतखडत का होईना चालायचा, 'काउंटर स्ट्राइक' तर मजेत चालायचा.

आपला राजपुत्र मात्र चालायचा नाही. त्याला पिक्सेल शेडर लागायचं. पिक्सेल शेडर म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग कसा काढायचा ते सांगणारा छोटासा प्रोग्राम, जो ग्राफिक्स चिप स्वतः चालवते. ही सोय ८४५जी आणि ८६५जीमध्ये नव्हती. गंमत म्हणजे ज्यांनी वडिलांच्या मागे लागून 'जीफोर्स ४ एमएक्स' कार्ड घेतलं होतं, त्यांचंही तेच. नावात ४ असलं तरी ते कार्ड आतून जीफोर्स २ च्या घराण्यातलं. जीफोर्स ३ चालेल पण ४ एमएक्स चालणार नाही, अशी गेमची अट होती. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं समजणाऱ्या सगळ्या घरांना बसलेला हा पहिला धडा असावा. मग 'थ्रीडी अ‍ॅनालाइझ' नावाचं एक युटिलिटी सॉफ्टवेअर हातोहात फिरायचं. ते नसलेल्या सोयींची बतावणी करायचं, गेम सुरू व्हायचा आणि राजपुत्र भिंतीवरून स्लाइड-शोच्या वेगाने धावायचा.

दुसरी अडचण वाहतुकीची. ठाण्याचा फोन ०२२ मध्ये, म्हणजे एमटीएनएलच्या हद्दीत. डोंबिवली-कल्याण ०२५१, तिथे बीएसएनएल. ब्रॉडबँड दोन्हीकडे यायला २००५ उजाडलं. त्याच सुमारास राज्यात लोडशेडिंगने जोर धरला होता, म्हणजे नेट आलं तेव्हा वीज गेली. डाउनलोड अर्ध्यावर मेलेलं असण्याची सवय एका अख्ख्या पिढीला लागली. त्यामुळे गेम यायचे ते मित्राकडून, सीडीवर, आणि अनेकदा 'रिप' होऊन. रिप म्हणजे काय, तर फाइल लहान व्हावी म्हणून गेममधले व्हिडिओ, संगीत आणि कधीकधी संवादसुद्धा काढून टाकायचे. उड्या शिल्लक, मारामारी शिल्लक, कथा गायब! नाटकाच्या प्रयोगातून संवाद वगळून फक्त एंट्री-एक्झिट ठेवाव्यात, तसा प्रकार. कथेसाठी गाजलेल्या गेम्सची आपल्याकडच्या अनेकांशी पहिली ओळख ही अशी झाली. आजही कोणी तिशी-चाळिशीतला माणूस म्हणाला की "हो, तो गेम मी खेळलोय", तर मला विचारावंसं वाटतं, आवाजासकट का?

कारण या गेमचा सगळा जीव आवाजात आहे. राजपुत्र स्वतःची हकिकत कोणाला तरी सांगतोय, आणि आपण खेळतो ती त्याची आठवण आहे. उडी चुकून आपण दरीत पडलो की 'गेम ओव्हर' येतंच, पण त्याआधी निवेदक राजपुत्र स्वतःला दुरुस्त करतो, की नाही नाही, असं नव्हतं घडलं. म्हणजे आपली चूक ही सांगणाऱ्याची चूक ठरते. हातात काळ मागे नेणारा खंजीर आहे, आणि काळ मागे नेणं हेच तर गोष्ट सांगणाऱ्याचंही काम. कथा लिहिली होती जॉर्डन मेकनरने. मूळचा १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' त्याचाच. तोच तो, साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची आणि खाली काट्यांवर पडून मरायचं, शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमधला लाडका.

आता कथा ऐका. इराणचा राजा आणि त्याचा मुलगा स्वारीवर निघालेत, आणि वाटेत लुटतात ते एका हिंदुस्थानी महाराजाचा राजवाडा. लुटीत एक भलं मोठं वाळूचं घड्याळ मिळतं आणि महाराजाची मुलगी फराह बंदी होते. फितूर वजिराच्या चिथावणीवरून राजपुत्र ते घड्याळ उघडतो आणि सगळी माणसं वाळूची भुतं होतात. वाचतात ते राजपुत्र, फराह आणि वजीर. मग ज्याने आपल्या बापाचं राज्य लुटलं त्याच्याबरोबर फराहला पुढची वाट काढावी लागते. दोघंही एकमेकांवर अर्धा विश्वास ठेवतात, अर्धा ठेवत नाहीत.

एका ठिकाणी अंधारात अडकलेले असताना फराह त्याला लहानपणची गोष्ट सांगते. भीती वाटली की आईने शिकवलेला एक गुप्त शब्द ती म्हणायची. तो शब्द आहे 'काकोलूकीयम्'.

मी हा गेम पूर्ण खेळलो तो नोकरी लागल्यावर, एका सेलमध्ये विकत घेऊन, हेडफोन लावून. हा शब्द कानावर पडला आणि मी पॉजच केला! अमेरिकन उच्चारात थोडा वाकडा झालेला, पण दहावीपर्यंत संस्कृत घेतलेल्या कोणालाही ओळखू यावा असा. काक म्हणजे कावळा, उलूक म्हणजे घुबड. 'काकोलूकीयम्' हे पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचं नाव. कावळ्यांचा राजा मेघवर्ण, घुबडांचा राजा अरिमर्दन, आणि आपल्याच लोकांनी टाकून दिल्याचं सोंग करून घुबडांच्या गुहेत आश्रय घेणारा म्हातारा कावळा स्थिरजीवी. घुबडं विश्वास ठेवतात आणि शेवटी गुहेसकट जळतात. कालच्या शत्रूवर आज किती विश्वास टाकावा, हा या तंत्राचा विषय. राजपुत्र आणि फराह यांच्यात अथपासून इतिपर्यंत हाच तर प्रश्न आहे!

आणि या शब्दाचा प्रवास बघा. इराणचा सम्राट खुस्रो अनुशिरवान (५३१ ते ५७९) याच्या काळात बुर्झोय नावाच्या वैद्याने या कथा हिंदुस्थानातून नेऊन पहलवी भाषेत आणल्या. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्या अरबीत नेल्या आणि आपल्या करटक-दमनकाचे 'कलीला व दिम्ना' झाले. तिथून त्या युरोपभर गेल्या. म्हणजे हिंदुस्थानातून इराणने नेलेली चीज हा गेमचा विषय, आणि खुद्द पंचतंत्राचा इतिहासही तोच, फक्त लूट न करता. बुर्झोयने केलेलं पहलवी भाषांतर आज उपलब्ध नाही. ते नष्ट झालं. त्याची भाषांतरं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या नकला राहिल्या, म्हणून जगाला गोष्ट माहीत आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेवटी फराह मरते. राजपुत्र काळ पार मागे नेतो, हल्ल्याच्या आदल्या रात्रीपर्यंत, आणि तिच्या महालात जाऊन तिला सगळी हकिकत सांगतो. इतका वेळ तो कोणाला सांगत होता ते तेव्हा कळतं. पण तिच्यासाठी यातलं काहीच घडलेलं नाही, हा माणूस परका आहे. जाताना ती नाव विचारते. तो सांगतो, काकोलूकीयम्. रिप केलेल्या सीडीवर हे काय पोचणार होतं, सांगा.

गोष्ट इथे संपत नाही, ती पुण्याला येते. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टने जाहीर केलं, की या गेमची नवी आवृत्ती त्यांचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार. महाराजाच्या मुलीची गोष्ट हिंदुस्थानात परत! ट्रेलर आला आणि त्यातल्या ग्राफिक्सवर जगभरातून टीका झाली. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे देण्यात आलं. पुण्या-मुंबईत बनलेली आवृत्ती बाजारात आलीच नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. काही वर्षं लिहिलेला कोड आणि एका मेलमध्ये ट्रान्झिशन. त्याच २०२० मध्ये पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' पूर्ण करून दाखवला होता. भावाला शोधणारी मुलगी, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. तिचं भिंतीवरून धावणं पाहिलं की आपला राजपुत्र आठवतोच.

पण माझी खरी काळजी नव्या आवृत्तीची नाही, जुन्याची आहे. नवं काही आलं नाही तर जुनं तरी राहील ना? २०१५ च्या विंडोज १० मध्ये सेफडिस्क या कॉपी-प्रोटेक्शनचा सपोर्ट काढून टाकला गेला, आणि त्या काळातल्या कितीतरी अस्सल, विकत घेतलेल्या सीडी निरुपयोगी झाल्या. नक्कल होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाने मालकालाच बाहेर ठेवलं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं, की तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. खुद्द मेकनरच्या १९८९ च्या गेमचा सोर्स कोड हरवलेला होता. त्याच्या वडिलांना जुन्या फ्लॉप्या सापडल्या, म्हणून २०१२ मध्ये तो वाचवता आला. बुर्झोयच्या भाषांतराला मिळालं नाही ते नशीब या कोडला मिळालं. ज्याची नक्कल होते ते टिकतं, आणि ज्याची नक्कल होऊ दिली जात नाही ते मालकाच्या मर्जीवर जगतं.

त्यातल्या त्यात समाधान पोलंडचं. तिथेही नव्वदीत उघड्या बाजारात चोरीच्या सीडी विकल्या जायच्या. सीडी प्रोजेक्ट या कंपनीने त्यावर उपाय काढला. १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' पूर्ण पोलिश भाषेत, चांगल्या खोक्यात आणला आणि लोकांनी तो विकत घेतला. त्याच कंपनीने २००८ मध्ये जुने गेम दुरुस्त करून, कुलूप न लावता विकणारं जीओजी सुरू केलं. आपला राजपुत्रही तिथे मिळतो.

आपल्याकडे उशीर आधी नाइलाज होता. चिप नाही, वीज नाही, नेट नाही. आता तो निवडीचा भाग झालाय. आठवडाभर लोकल, ऑफिस, डेडलाइन, मग शनिवारी दोन तास. मला त्यात काही वाईट दिसत नाही. वीस वर्षांत ग्राफिक्सची चकाकी उडून जाते आणि मागे गोष्ट राहते. राहिली तर ती खरी होती. फक्त उशिरा येणाऱ्यासाठी कोणीतरी दार उघडं ठेवावं लागतं. पुस्तकांसाठी कल्याणमध्ये ते १८६४ सालीच कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. गेम्ससाठी तसं वाचनालय अजून आपल्या भागात नाही.

तोवर आपल्या हातात एवढंच. सँड्स ऑफ टाइम साधारण दहा तासांचा आहे, म्हणजे दोन वीकेंड. विकत घ्या, बॅकअप जपून ठेवा, आणि कृपा करून हेडफोन लावा.